पाकिटावरचा सूर्य : मेडिकलमधल्या ५०० तासांची वही

८ जुलै २०२५, मंगळवार

मोहोळहून सकाळची एसटी, सोलापूर स्टँडवरून रिक्षा. दुकान पूर्व भागात, अशोक चौकातून आत वळल्यावर. यंत्रमागांचा खटखटाट रस्त्यावर येतो आणि दुकानात शिरलं तरी थांबत नाही, थोडा मऊ होतो एवढंच.

डी. फार्म.चं, म्हणजे औषधनिर्माण पदविकेचं, दुसरं वर्ष झालं की ५०० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. तीन महिन्यांपेक्षा कमी काळात उरकायचं नाही आणि त्यातले निदान २५० तास चिठ्ठीवर औषध देण्यात गेले पाहिजेत, असा नियम. मी तो पाठ करून आले होते. मालकांनी (सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणायला लागले) ऐकून घेतलं आणि हातात फडकं दिलं. "आधी रॅक पूस. पुसता पुसता वाच."

पुसलं आणि वाचलं. कॉलेजात औषधं गटाने शिकवतात: हे रक्तदाबाचं, हे जंतुनाशक, हे आम्लपित्ताचं. इथे मांडणी कंपनीवार, त्यातही रोज खपणारं हाताशी आणि क्वचित लागणारं वर शिडीपाशी. दुकानातले दादा अठरा वर्षं इथे आहेत, न बघता हात घालतात आणि बरोबर डबा काढतात. फार्मासिस्ट ते नाहीत. काढायचं काम त्यांचं, द्यायचं अण्णांचं. भिंतीवर औषधविक्रीचे फॉर्म २० आणि २१ चे परवाने, शेजारी अण्णांचं नोंदणी प्रमाणपत्र. फोटोतल्या अण्णांना केस भरपूर आहेत.

१० जुलै, गुरुवार

पार्सल फोडायचं काम. बिलावरचा बॅच नंबर, एक्सपायरी, एमआरपी मालाशी जुळवायची, मगच रॅकवर. नवा माल मागे, जुना पुढे. दोन डब्यांवर एक्सपायरी चार महिन्यांची होती, अण्णांनी माल आणलेल्या पोऱ्याबरोबरच परत पाठवले. संध्याकाळपर्यंत बोटांना पुठ्ठ्याचा वास.

१५ जुलै, मंगळवार

आज चिठ्ठ्या. पहिल्या दहांतल्या सहा मला वाचता आल्या नाहीत. अण्णांची पद्धत अशी: अक्षर लागलं नाही तर आजार विचारायचा, वय विचारायचं, डोस बघायचा आणि तरी शंका उरली तर डॉक्टरांना फोन. अंदाज चालत नाही. मला एक 'हायड्रॉ...' लागेना. हायड्रॉक्सिझिन म्हणजे खाज आणि ॲलर्जी, हायड्रॅलझिन म्हणजे रक्तदाब. पेशंटच्या हातावर पित्त उठलेलं दिसत होतं, म्हणजे उत्तर समोरच उभं होतं. तरी अण्णांनी फोन केलाच. फोन मिनिटभराचा, पण मागे पाचजण खोळंबले आणि त्यातल्या एका आजोबांनी मला ऐकू येईल असं म्हटलं, "नवीन पोरगी ठेवलीय वाटतं."

दुसरी गोष्ट. चिठ्ठीतल्या कंपनीची गोळी नसली तर तेच औषध दुसऱ्या कंपनीचं देऊ नये, शेड्यूल एच, एच१ आणि एक्सच्या (चिठ्ठीवरच द्यायच्या) औषधांना कायद्याने ती मुभाच नाही. मी हे पेपरात लिहून पाच मार्क मिळवलेत. काउंटरवर माणूस म्हणतो, "तेच द्या की, स्वस्तातलं." तेव्हा पाच मार्कांचं उत्तर पुरत नाही. अण्णा म्हणतात, "डॉक्टरकडून लिहून आण, लगेच देतो." काहीजण आणतात. बरेचजण परत येत नाहीत.

१९ जुलै, शनिवार

दम्याच्या एक मावशी. विड्या वळतात. तक्रार घेऊन आल्या की कॅप्सूल घेऊन महिना झाला, दम तसाच. अण्णांनी विचारलं, कशी घेता? "पाण्याबरोबर."

रोटाकॅप होती. ती उपकरणात घालायची, फिरवून फोडायची आणि आतली पूड तोंडाने जोरात ओढायची. मावशी महिनाभर ती गिळत होत्या. उपकरण कुठंय? "ते पोरानं खेळायला घेतलं."

औषध बरोबर, डोस बरोबर, बिल बरोबर, आणि फुप्फुसात एक कणही नाही. अण्णांनी रिकामं उपकरण काढून दाखवलं, त्यांच्याकडून तीनदा करवून घेतलं, मग चूळ भरायला सांगितली, कारण त्यातल्या स्टिरॉइडमुळे तोंडात बुरशी धरते. हे सगळं दहा मिनिटं चाललं. विक्री शून्य रुपये.

कॉलेजला प्रशिक्षणाचा अहवाल द्यायचाच आहे. त्यातला प्रकल्प मला आज मिळाला.

२२ जुलै, मंगळवार (एकूण तास ८४॥)

अण्णांना सांगितलं: औषध दिल्यावर प्रत्येकाला विचारायचं, "घरी गेल्यावर हे कसं घेणार, मला सांगा." आणि पाकिटावर चित्र काढून द्यायचं. सकाळला सूर्य, दुपारला ताट, रात्रीला चंद्र.

अण्णा हसले नाहीत, हे विशेष. म्हणाले, "अकरा ते एक आणि संध्याकाळी सहानंतर नको. दोन ते चार कर काय करायचं ते." म्हणजे गर्दीत मी साधी मदतनीस आणि दुपारच्या सुस्तीत संशोधक.

आज १२ जणांना विचारलं. दहांनी घडाघडा सांगितलं. मी खूश. अण्णा गल्ल्यामागून म्हणाले, "तू आत्ताच सांगितलंस, ते आत्ताच सांगणार. पोपट आहे तो. पुढच्या महिन्यात स्ट्रिप घेऊन येतील तेव्हा उरलेल्या गोळ्या मोज." खूश राहणं तिथे संपलं.

२९ जुलै, मंगळवार

भाषेचा प्रश्न. या भागात निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक पद्मशाली विणकर समाजातलं, घरात तेलुगू. अक्कलकोटकडून येणारे कन्नड बोलतात. मोहोळच्या मुलीला यातलं काही येत नाही. मोबाईलवरून तेलुगू वाक्य काढून मोठ्या कष्टाने ती लिपी पाकिटांवर उतरवली. अण्णांनी वाचलं आणि म्हणाले, "हे बातम्यांतलं तेलुगू आहे. आमच्या घरात असं कोण बोलतं?" घरातलं असं: सकाळी म्हणजे पोद्दुगाल. जेवल्यावर म्हणजे तिन्नंका. बस, एवढंच.

पण खरी अडचण मला दुपारी कळली. ज्या आजींना पाकीट दिलं त्यांना तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. शाळेत गेल्या त्या मराठी शाळेत, दोन-तीन इयत्ता. म्हणून आता पाकिटावर 'तिन्नंका' देवनागरीत लिहिते. भाषा त्यांची, अक्षरं माझी. कन्नडवाल्यांसाठी दादांनी शिकवलं: मुंजाने, ऊटा आद म्याले. माझा उच्चार ऐकून एक काका इतके हसले की औषध काउंटरवरच विसरून गेले, दादा मागे पळाले.

४ ऑगस्ट, श्रावणी सोमवार (१५६ तास)

सकाळपासून सिद्धेश्वर मंदिराकडे जाणाऱ्यांची रीघ, दुकान ओस. त्यामुळे एका काकूंशी निवांत बोलता आलं.

काकूंना थायरॉइडची गोळी चालू. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून डोस वाढवला, तरी रिपोर्ट सुधारेना, आता पुन्हा वाढवलाय. १०० गोळ्यांची बाटली. मी सवयीने विचारलं, मागची कधी संपली? "संपलीच नाही अजून." कधी घेतली होती? "शिमग्याच्या आधी."

शिमगा मार्चात. रोज एक घेतली तर शंभर दिवसांत बाटली रिकामी. मग कशी घेता? काकू म्हणाल्या, "डॉक्टर म्हणले उपाशीपोटी घ्यायची. माझा उपास सोमवारी आणि चतुर्थीला."

मला हसूही आलं नाही. त्यांनी शब्द नीट ऐकला होता. उपाशीपोटी म्हणजे उपासाच्या दिवशी, हा अर्थ काढण्यात त्यांची काय चूक? मीच आजवर पन्नास पाकिटांवर तो शब्द लिहिलाय. अण्णांनी डॉक्टरांना फोन लावला, वाढीव डोस थांबला, जुनाच रोज घेऊन सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं ठरलं. आजपासून लिहिते: "रोज. सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या अर्धा तास आधी, नुसत्या पाण्याबरोबर." लांब आहे. पाकीट मोठं लागतं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

पाकिटांचं काय होतं ते कळलं. दोन घरी विचारलं. गोळ्या काढून डब्यात, नाहीतर चंचीत. पाकीट चुलीत. म्हणजे माझे सूर्य-चंद्र पहिल्याच संध्याकाळी मावळतात.

मग थेट स्ट्रिपवर मार्कर पेनने लिहायचं. पण स्ट्रिपचा मागचा भाग आधीच भरलेला. बॅच नंबर, एक्सपायरी झाकायची नाही आणि चांदीसारख्या पत्र्यावर शाई पुसते. शेवटी दादांनी बारीक पांढरी चिकटपट्टी आणली, तिच्यावर लिहून कडेला चिकटवायचं. जमलं.

आठवड्याला पगार घेणाऱ्याला महिन्याच्या गोळ्या एकदम परवडत नाहीत, म्हणून इथे स्ट्रिप कापून देणं रोजचंच. बॅच आणि एक्सपायरी एका टोकाला छापलेली असते. उलट्या टोकाकडून कापत गेलं तर दुकानात उरलेल्या तुकड्यावर ती राहते आणि दुकानदार सुरक्षित. गिऱ्हाईकाच्या तुकड्यावर मात्र नावसुद्धा अर्धं, '...प्रिल ५' एवढंच. त्याच्याकडे पुरावा फक्त बिल आणि बिल किती जण नेतात? म्हणून कापलेल्या तुकड्यांना आधी पट्टी, हे मी ठरवलं. अण्णा "बघू" म्हणाले. त्यांचं बघू म्हणजे कर.

माझं कापणं बघून एक विडीवाल्या आजी पुढे झाल्या. "कात्री अशी धरतेस होय?" कात्री त्यांनी अंगठ्यावर घेतली आणि स्ट्रिपच त्या कात्रीत सरकवत नेली. जन्मभर तेंदूची पानं मापात कापलेला हात. एका झटक्यात पाच गोळ्या, एकही फोड फुटला नाही. मी चार फोडल्या होत्या आज. त्या माझ्या चहाच्या पैशातून जातात.

१९ ऑगस्ट, मंगळवार (२३४ तास)

यंत्रमागावरचे एक मामा, पन्नाशीचे, मधुमेह. गोळी ग्लिमेपिराईड आणि मेटफॉर्मिन एकत्र, चिठ्ठीवर सकाळी नाश्त्याआधी. माझी पट्टी: सूर्य. मामांनी बरोबर सांगितलं, "सकाळी घेतो." मागच्या महिन्याची स्ट्रिप आणायला सांगितली होती, तीही आणली, हिशेब चोख. माझ्या वहीतला आदर्श पेशंट.

जाता जाता म्हणाले, झोपेत घाम फुटतो, हात थरथरतात, दचकून उठतो, रात्रपाळीचा त्रास असणार.

अण्णांनी बिल करणं थांबवलं. मामांची पाळी रात्री आठ ते सकाळी आठ. घरी येऊन चहाबरोबर गोळी घेतात, सूर्य वर आलेला असतो, चिठ्ठीप्रमाणे सकाळ असते. आणि मग न जेवता दुपारी तीनपर्यंत झोपतात. गोळी साखर खाली आणत राहते, पोटात काही नाही. तो घाम पाळीचा नव्हता.

डॉक्टरांना फोन. त्यांनी स्वतः मामांशी बोलून वेळ बदलली: झोपून उठल्यावरच्या पहिल्या जेवणाच्या आधी. शिवाय जवळ साखर ठेवा, घाम फुटला की आधी साखर, मग बाकी.

मी पट्टीवर सूर्य खोडून लिहिलं: "पाळीवरून येऊन, झोपून उठल्यावर, जेवणाआधी." या गावात कारखान्यांचे भोंगे आणि पाळ्या किती पिढ्यांपासून आहेत. मला चादरीसाठी सोलापूर माहीत होतं. ती चादर विणणाऱ्याची सकाळ कधी होते हे कधी डोक्यात आलं नाही. सूर्याचं चित्र आता सगळ्यांना देत नाही. आधी विचारते, कामाला कधी जाता?

२५ ऑगस्ट, सोमवार

एच१ रजिस्टर माझ्याकडे दिलं. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं. ही नोंद तीन वर्षं जपायची. १ मार्च २०१४ पासून हा प्रकार लागू आहे, काही जंतुनाशकं, क्षयरोगाची औषधं, झोपेच्या आणि व्यसन लागणाऱ्या गोळ्या यात येतात. स्ट्रिपवर लाल चौकटीतली सूचना असते.

एक मुलगा अल्प्राझोलाम, यातलीच एक गोळी, मागायला आला, चिठ्ठी नाही. अण्णा नाही म्हणाले. तो म्हणाला, दुसरीकडे मिळते, आणि गेला. तो खोटं बोलत नसणार, हेच वाईट.

माझी एक मैत्रीण घरी बसून ५०० तास 'करतेय'. सही-शिक्का तयार आहे म्हणे. काल तिने विचारलं, "तू खरंच रोज जातेस?" यावर काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. परवापासून दोन दिवस गणपतीची सुट्टी, मोदकांवर लक्ष देणार.

२ सप्टेंबर, मंगळवार (२९९ तास)

आजची नोंद लिहायची नव्हती.

दुपारी तीन. बाई चाळिशीच्या, बोटांचे सांधे सुजलेले. संधिवाताची चिठ्ठी, मेथोट्रेक्सेट ७.५ मिलिग्रॅम, पुढे चार गोळ्या, खाली फॉलिक ॲसिड. अक्षर स्वच्छ होतं, हे मुद्दाम लिहिते, म्हणजे नंतर मला डॉक्टरच्या अक्षरावर ढकलता येणार नाही. आठवड्यातून एकदा, असं इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते वाचलंसुद्धा. दादांनी गोळ्या काढल्या, मी चार मोजून कापल्या, अण्णा फोनवर होते. मी पट्ट्या लिहायला घेतल्या आणि हात सवयीने चालला. दोन्ही पट्ट्यांवर: जेवल्यावर, तिन्नंका, ताटाचं चित्र. 'रोज' लिहिलं नव्हतं. पण 'आठवड्यातून एकदा'ही लिहिलं नव्हतं.

अण्णांचा फोन संपला. नियम असा की मी तयार केलेलं पाकीट ते बघतात, मगच बाहेर. बघायच्या आधी त्यांनी बाईंना विचारलं, तेलुगूत. बाईंनी पट्टीवर बोट ठेवून सांगितलं. मला शब्द कळला नाही, पण अण्णांचा चेहरा कळला. बाई म्हणाल्या होत्या, रोज जेवल्यावर दोन्ही एकेक.

चार गोळ्या चार दिवसांत. संपल्यावर त्या पुन्हा आल्या असत्या, कदाचित दुसऱ्या दुकानात गेल्या असत्या, आणि तिथे कुणी 'रोजची आहे' म्हणून दहा दिली असती तर? हे औषध आठवड्याच्या डोसात सांध्यांना आराम देतं आणि रोज घेतलं तर तोंड सोलतं, अस्थिमज्जा दबते, रक्तपेशी घटतात, माणूस जातो. हे मला परीक्षेत विचारलं असतं तर सगळं लिहिलं असतं.

अण्णा ओरडले नाहीत. पट्टी सोलून काढली आणि माझ्याकडून लिहून घेतलं: "फक्त बुधवार. आठवड्यात एकच. रोज घेऊ नये." बुधवार हा शब्द तेलुगूतही ओळखीचा, बुधवारम. फॉलिक ॲसिड कोणत्या दिवशी ते वेगळ्या पट्टीवर. बाईंकडून दोनदा म्हणवून घेतलं. त्यांच्या मुलीला फोन लावून तिलाही सांगितलं. मग बाई गेल्यावर मला म्हणाले, "तुझी पट्टी नसती तर बाईनं डॉक्टरनं तोंडी सांगितलेलं आठवलं असतं. पट्टी होती म्हणून पट्टी ऐकली."

चहा झाला नाही आज. एसटीत खिडकीशी बसून पुन्हा पुन्हा तेच. प्रकल्प बंद करावा का, असं अण्णांना निघताना विचारलं होतं. ते म्हणाले, "उद्या लवकर ये, पार्सल आहे."

३ सप्टेंबर, बुधवार

एक ओळ ठरवली. पट्टीवर पहिला शब्द 'रोज' किंवा वाराचं नाव. त्याशिवाय दुसरा शब्द लिहायचा नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना (४०३ तास)

आजपासून औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के. सकाळी शटर उघडायच्या आधीच दोघं पेपर घेऊन उभे. सगळ्यांचा हिशेब एकच: १२ वजा ५, सात टक्के स्वस्त. तसं होत नाही. ११२ रुपयांच्या छापील किमतीत मूळ १०० आणि कर १२. आता १०५. म्हणजे ११२ वर सात रुपये, सव्वासहा टक्के. पाऊण टक्क्यासाठी एका गृहस्थांनी मला चोर म्हटलं. जुन्या मालावर जुनीच किंमत छापलेली, नवीन दर कॉम्प्युटरवर, त्यामुळे प्रत्येक बिल समजावत बसायचं. इन्सुलिन आधीपासून ५ टक्क्यांतच होतं, त्याची किंमत हलली नाही. इन्सुलिनवाले सगळ्यात जास्त चिडले. त्यांचं चिडणं मला पटलं, जन्मभर टोचून घेणाऱ्यालाच सूट नाही.

आज एकही पट्टी लिहिली नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

काल येऊ शकले नाही. सीना नदीला पूर, लांबोटीपाशी पाणी आलं आणि पुणे महामार्ग बंद. मोहोळ पलीकडे, दुकान अलीकडे. आजही फिरून आले. पुण्याकडचा माल आलेला नाही, शॉर्टबुक (संपलेल्या औषधांची यादी) पान भरून लांबलं.

पाणी शिरलेल्या गावातून आलेल्या एकाने ओला रुमाल सोडला, आत आईच्या इन्सुलिनची बाटली. वीज नव्हती, फ्रिज बंद, दोन दिवस. चालेल का? वापरात असलेली बाटली, उन्हात पडली नव्हती, गढूळ झाली नव्हती, आत गुठळ्या नव्हत्या. तरी अण्णांनी नवीन घ्यायला सांगितलं आणि बर्फाच्या पिशवीत दिली, मधे कागद घालून, कारण गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. वीज येईपर्यंत मातीच्या मडक्याला ओलं फडकं गुंडाळून आत ठेव म्हणाले. बाटली मिलिलिटरला ४० युनिटची, म्हणून लाल टोपणाची सिरिंज. नारिंगी टोपण १०० युनिटचं. ही अदलाबदल झाली तर डोस अडीच पटीने चुकतो. मी पट्टीवर लिहिलं: "लाल टोपण." पैसे अण्णांनी उधारीच्या वहीतही लिहिले नाहीत, हे मी बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

६ ऑक्टोबर, सोमवार, कोजागिरी (४६८ तास)

दोन गर्दी एकाच वेळी. एक, आज रात्री तुळजापूरला चालत निघणारे. पंचेचाळीस किलोमीटर, पुष्कळजण अनवाणी. क्रेप बँडेज, दुखण्याचे स्प्रे, पट्ट्या, ओआरएस. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही, हे मी आज नक्की चाळीस वेळा म्हटलं.

दुसरी गर्दी आयांची. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कफ सिरपने लहान मुलं गेली. कोल्ड्रिफची एसआर-१३ ही बॅच, तपासणीत डायएथिलिन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघालं. एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) काल राज्यात सावध केलं. आमच्याकडे ते सिरप नव्हतं. तरी अण्णांनी सकाळी साडेआठला मला आणि दादांना प्रत्येक सिरपची बाटली काढायला लावली, बॅच बघून पुन्हा मांडली. आया घरातल्या अर्ध्या बाटल्या घेऊन येत होत्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. लेबलं फाटलेली, चिकट. बऱ्याचशा मागच्या पावसाळ्यातल्या, काही शेजारणीने दिलेल्या. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीचं सिरप देऊ नका, असं केंद्राच्या आरोग्य खात्याने आता सांगितलंय. मी तेच सांगत होते आणि एक आई म्हणाली, "मग रात्रभर खोकतं त्याला काय देऊ?" अण्णांनी तिला डॉक्टरकडे पाठवलं. ती नाराज होऊन गेली, पण बाटली आमच्या टोपलीत टाकून गेली.

९ ऑक्टोबर, गुरुवार (५००॥ तास, दोन रविवारी स्टॉक मोजायला आले होते ते धरून)

फॉर्मवर अण्णांनी सही केली, शिक्का मारला. शिक्क्याची शाई सुकलेली, दोनदा मारावा लागला. अहवालात थायरॉइडच्या काकू आहेत, मेथोट्रेक्सेटची बाई आहे. ती नोंद काढून टाक, मार्क जातील, असं मैत्रीण म्हणाली. काढली नाही.

चार वाजता रात्रपाळीचे मामा आले. घाम थांबलाय, साखरेचा रिपोर्ट बरा. जुनी स्ट्रिप न सांगता काढून दिली. मोजली. चार गोळ्या जास्त.

मामा, चार दिवस चुकले?

"चुकले नाहीत. दसऱ्याला कारखाना चार दिवस बंद होता." त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं, माझ्याच अक्षरावर. "पाळीवरून येऊन, असं लिहिलंय. पाळीच नव्हती."

दादा रॅककडे तोंड करून हसत होते. ही पट्टी १९ ऑगस्टची, वाराच्या नियमाआधीची. मी नवीन पट्टी फाडली: "रोज. झोपून उठल्यावर, पहिल्या जेवणाच्या आधी. पाळी असो-नसो." मामांनी वाचून दाखवलं. वहीत लिहिलं, शिल्लक ४, कारण दसरा. मार्कर दादांकडे दिला. साडेपाचची मोहोळ गाडी होती.